पान चौऱ्याऐंशी

"थांब. परत वाच. घोडा कुठून उठला?"

"एफ सहावरून, अण्णा."

"आणि बसला कुठं?"

"डी सातवर."

"म्हणजे माघार घेतली." भूपालअण्णांनी वेताची ओली पट्टी दातांत धरली, मोकळा झालेला डावा हात शेजारच्या पटाकडे नेला आणि काळा घोडा उपसून मागच्या भोकात खोचला. "हा फ्रेंच माणूस भारीच भित्रा दिसतोय. प्यादं अंगावर आलं की घोडा मागं, उंट रोखून बसला की आपला उंट मध्ये घाल. आणि ह्याला म्हणायचं फ्रेंच बचाव!"

"तुम्हीच निवडलाय."

"निवडलाय की. भित्र्या माणसाला जिंकताना बघायला लई मजा येते. वाच पुढं."

अण्णा 'बघायला' असं अगदी सहज म्हणायचे. पाच वर्षांचे असताना त्यांना देवी आल्या आणि जाताना दोन्ही डोळे घेऊन गेल्या. त्यांना आठवणारी शेवटची गोष्ट म्हणजे दारातली पिवळी जास्वंद, असं ते सांगायचे. मग मी रडवेला चेहरा केला की म्हणायचे, "दया नको करू गं, तुझं तोंड मला ऐकू येतं."

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची, मिरजेतली. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते आणि दोन वर्षं घरात बसून आईची बोलणी खात होते. अण्णा एक्केचाळीसचे. कचेऱ्यांमधल्या वेताच्या खुर्च्या विणायचं काम करायचे. घराच्या पुढच्या सोप्यात भिजत घातलेल्या वेताची बादली, भोवती बैठका फाटलेल्या पाचसहा खुर्च्या आणि मधोमध मांडी घालून अण्णा, असं ते दुकान होतं. डाव्या हाताला त्यांचा बुद्धिबळाचा पट. त्यातली काळी घरं पांढऱ्या घरांपेक्षा जरा उंच, प्रत्येक घरात भोक, आणि प्रत्येक काळ्या मोहऱ्याच्या डोक्यावर एक बारीक खिळा. बोट फिरवलं की सगळा डाव कळायचा.

आमचा बुद्धिबळाचा क्लब वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरायचा. मीही तिथे खेळायचे. परदेशी गेलेल्या कुणीतरी क्लबाला एक जाडजूड निळं पुस्तक दिलं होतं. साडेतीनशे पानं, नुसत्या फ्रेंच बचावावर. क्लबातले बाकीचे त्यातले आकडे आणि अक्षरं वाचून चाली खेळायचे, पण मधला इंग्रजी मजकूर कुणाच्या बापाला कळत नव्हता. अण्णांना तर आकडेही दिसत नव्हते. तेव्हा क्लबाचे सेक्रेटरी सबनीस सर मला म्हणाले, "मंदे, तू इंग्रजी शिकलीस ना? मग भूपालला वाचून दाखव. तुलाही वळण लागेल."

मला वळण लागलं ते असं, की दोन वर्षं, आठवड्यातून तीन दुपारी, मी त्या सोप्यात बसून आधी क्लबातली बारकी पुस्तकं आणि मग हे निळं मराठी करत वाचलं. अण्णांनी ते ऐकलं आणि ब्रेलच्या पाटीवर टोच्याने टोचून उतरवून घेतलं. पान नंबर घालून. उजवीकडून डावीकडे टोचायचं, मग कागद उलटा करून डावीकडून उजवीकडे वाचायचं. त्यांच्या वह्यांचा ढीग माझ्या गुडघ्यापर्यंत आला होता. आणि खरं सांगायचं तर त्या दोन वर्षांत त्यांच्याइतकीच मीही शिकले. मोठ्यानं वाचलेलं माणसाच्या अंगात मुरतं.

अण्णांना पान किती झालं हे विणण्यावरून कळायचं. माझं एक पान वाचून होईपर्यंत त्यांच्या चार पट्ट्या विणून व्हायच्या. मध्ये टोचायला थांबायचे ते सोडून. चौथी पट्टी संपत आली की स्वतःच म्हणायचे, "उलट पान." आणि मी खरंच उलटत असायचे. मी हसायचे. सोनाक्का, म्हणजे त्यांची बायको, आतून ओरडायची, "पोरगी दमली असंल, च्या तरी पिऊ द्या तिला."

सोनाक्काला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मी दारात दिसले की तिचा चेहरा उजळायचा. "तू येतीस त्या दिवशी हे गुणगुणत्यात गं," ती मला एकदा चहा देताना हळूच म्हणाली होती.

आता अण्णांना काय पाहिजे होतं ते सांगते, कारण सगळं त्यावरच येऊन ठेपतं.

दरवर्षी दिवाळीनंतर आमच्या जिल्ह्याची स्पर्धा व्हायची. तिच्यातून पहिली दोन नावं राज्याच्या स्पर्धेला जायची. अण्णा तीन वर्षं ओळीने तिसरे आले होते. आणि दरवर्षी बक्षीस समारंभ झाला की सबनीस सर त्यांचा हात धरून त्यांना मंचावर न्यायचे, "आपल्या सर्वांचे प्रेरणास्थान" असं काहीतरी बोलायचे आणि शाल-नारळ द्यायचे. लोक जीव तोडून टाळ्या वाजवायचे. घरी सात शाली साठल्या होत्या. सोनाक्का त्यांनी वेताचे भारे झाकायची.

"राज्याला भिंतीवर यादी लागते म्हणे," अण्णा एकदा म्हणाले होते. "टाइप केलेली. त्यात पाहिजे. 'कुडचे भूपाल आदगोंडा.' बाकी काही नाही. कंसात आंधळा म्हणून लिहायचं नाही, मंचावर बोलवायचं नाही. जसा दुसरा माणूस तसा मी. एकदा तरी."

त्या वर्षी राज्याची स्पर्धा नागपूरला होती.

आणि मला? मला तेवीस वर्षांत कुणी कुठे पाठवलं नव्हतं. लग्नाला म्हणून कोल्हापूर, देवाला म्हणून बाहुबली. आईने निपाणीचं एक स्थळ धरून ठेवलं होतं. नागपूरला जाऊन आले तर वर्षभर तरी ते पुढे ढकललं जाईल असं वडील म्हणाले होते. हे कारण म्हणून सांगत नाहीये. हे होतं, एवढंच.

ऑक्टोबरातल्या त्या दुपारी मी वाचनालयातून पुस्तक घेऊन निघाले, तर सबनीस सर जिन्यात भेटले.

"ऐकलंस का? यंदा इस्लामपूरचे डॉक्टर उतरतायत."

डॉक्टरांना आमच्या जिल्ह्यात कुणी हरवलं नव्हतं. मागची काही वर्षं ते खेळतच नव्हते.

"म्हणजे एक जागा गेली समज," सर म्हणाले. "राहिली एक. मागचे पहिले दोघे यंदा नाहीत, म्हणजे ती तू नाहीतर भूपाल." मग माझ्या काखेतल्या पुस्तकाकडे बघून हसले. "काय गंमत आहे बघ. ज्याला हरवायचं त्यालाच शिकवायला निघालीस."

मी पण हसले. पण वाटभर ते वाक्य डोक्यात भुणभुणत राहिलं.

सोप्यात आले तर अण्णांनी विणायला घेतलेली खुर्ची मोठी, हातांची होती. कुणा साहेबाची असावी. मी चटईवर बसले, पुस्तक उघडलं आणि घोड्याच्या माघारीपर्यंत आले. तेच ते, वर सांगितलेलं. 'फ्रेंच माणूस भित्रा' वगैरे झालं. मी पुढे वाचलं. पांढऱ्याने सहाव्या चालीला उंटाने उंट मारला, काळ्याने वजिराने परत मारला, मग काळ्याने कॅसलिंग केलं. म्हणजे राजाला कडेला नेऊन हत्तीच्या आडोशाला बसवलं. अण्णांनी टोच्याने सगळं उतरवलं, पाटी खाली ठेवली आणि पुन्हा वेत हातात घेतला.

"आणि त्यानं उंट मारलाच नाही तर?" ते म्हणाले. "समजा कडेचं प्यादं ढकललं. एच चार. त्याचं काय म्हणतंय पुस्तक?"

मी पानावर बघितलं.

"काही नाही."

"काहीच नाही?"

"नाही. पान संपलं."

त्यांचे हात थांबले. तिसरी पट्टी अर्धी विणून झाली होती.

"लवकर संपलं आज."

"चित्र मोठं आहे, अण्णा. पटाचं."

"असं होय." त्यांनी पट्टी ओढून घट्ट केली. "मग घाबरण्यासारखं काही नसंल त्यात. असतं तर लिवलं असतं. एवढा लिहिणारा माणूस. उलट पान."

मी पान उलटलं. पुढची दोन पानं एवढ्या भरभर वाचली, की ते म्हणाले, "मागं कुत्रं लागल्यासारखी काय वाचायलीस?" डोकं दुखतंय म्हणून मी त्या दिवशी चहा न घेताच उठले. सोनाक्काने परड्यातली चार लिंबं माझ्या पिशवीत घातली. "सरबत करून घे, उन्हानं झालं असंल."

पुढच्या तीन आठवड्यांत मी दोनदाच गेले. एकदा ताप आला म्हणून सांगितलं, एकदा पाहुणे आलेत म्हणून. खोटं बोलायचं एकदा जमलं की जमतं.

स्पर्धा शाळेच्या हॉलमध्ये होती. सात फेऱ्या. सहा झाल्या तेव्हा डॉक्टर सहापैकी सहा गुण घेऊन निवांत पान खात बसले होते. त्यांच्याखाली दोघेच. पाच पाच गुण. आरवाडे मंदाकिनी आणि कुडचे भूपाल. सबनीस सरांनी शेवटच्या फेरीच्या जोड्या वाचल्या तेव्हा हॉलमध्ये कुजबुज झाली. आमची जोडी लागली होती आणि पांढरे मोहरे माझ्याकडे आले होते. बरोबरी झाली असती तर आधीच्या फेऱ्यांचे हिशोब बघून तेच गेले असते. मला जिंकावंच लागणार होतं.

सोनाक्का त्यांना हाताला धरून टेबलाशी घेऊन आली. धुतलेला सदरा, डोक्याला तेल. खुर्चीत बसण्याआधी अण्णांनी बैठकीवरून हात फिरवला. लाकडी होती. "वेताची न्हाई," ते पुटपुटले आणि बसले.

"कोण, मंदा का?"

"हो, अण्णा."

"बरं झालं. कुणी परकं नाही. जीव लावून खेळ हं. मला दिल्यासारखं करशील तर याद राख."

अंध माणसाशी खेळताना दोन पट मांडतात. एक त्याचा भोकांचा, एक समोरच्याचा साधा. आणि चाल नुसती खेळून भागत नाही, तोंडाने सांगावी लागते. म्हणजे समोरच्याने त्याच्या पटावर ती करायची. हा नियम मी दोन वर्षं पाळत आले होते, पण त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

"ई चार."

"ई सहा," अण्णा म्हणाले आणि हसले. फ्रेंच बचाव. दुसरं काय खेळणार होते ते!

पाच चाली भराभर झाल्या. घोड्याने माघार घेतली, डी सात. सगळं पान चौऱ्याऐंशीप्रमाणे. आता सहावी चाल माझी. मी घड्याळाकडे बघितलं, अण्णांच्या हातांकडे बघितलं. वेताने चिरलेली बोटं पटाच्या कडेवर शांत पडली होती.

आता सांगूनच टाकते. त्या पानावर चित्र मोठं नव्हतं. इतर पानांवर होतं तेवढंच होतं. पानाच्या तळाला बारीक अक्षरांत सात ओळींची टीप होती. पांढऱ्याने कडेचं प्यादं ढकललं तर काळ्याने कॅसलिंग करू नये. दिसायला सुरक्षित, पण पांढरा उंटाचा बळी देऊन राजाला उघड्यावर आणतो आणि मग काळा वाचत नाही. काळ्याने आधी सी-प्यादं पुढे सारावं. अण्णांनी नेमकं तेच विचारलं होतं. नेमकं तेच! माझं बोट त्या टिपेवर होतं आणि मी 'काही नाही' म्हटलं होतं.

त्या दुपारी ते तोंडातून निघून गेलं, माझं मलाच कळलं नाही, असं मी तीन आठवडे स्वतःला समजावत होते. एक टीप वाचायची राहिली, त्यात काय? मी अजून दुसरी चाल खेळू शकत होते. उंटाने उंट मारून साधा डाव खेळू शकत होते. हरले असते, जिंकले असते, काय व्हायचं ते झालं असतं.

"एच चार," मी म्हटलं.

अण्णांचा हात उचलला गेला आणि हवेतच राहिला. मग त्यांनी माझं प्यादं आपल्या पटावर पुढे खोचलं आणि दोन्ही हातांनी पट चाचपायला सुरुवात केली. हळूहळू, एक एक घर. माझ्या उंटावर बोटं थांबली. माझ्या वजिरावर थांबली. आपल्या राजाभोवती तर कितीतरी वेळ फिरत राहिली. त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांना काहीतरी लागलं होतं, मला दिसत होतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली, वीस गेली. मी मनात म्हणत होते, सी-प्यादं ढकला, अण्णा. देवाशपथ म्हणत होते. आणि त्याच मनात दुसरंही म्हणत होते.

पंचवीस मिनिटांनी आठी गेली. मान हलली, स्वतःशीच.

"कॅसलिंग," ते म्हणाले.

पुढचं सांगण्यासारखं नाही. आठव्या चालीला घोडा आणला, त्यानंतर उंटाने त्यांच्या राजासमोरचं प्यादं मारून शह दिला, राजाने उंट घेतला, वजीर बाहेर आला. दर चालीला मला तोंडाने सांगावं लागत होतं. वजीर एच पाच, शह. घोडा जी पाच. माझा आवाज हॉलमध्ये मलाच परका वाटत होता. आजूबाजूला लोक जमले होते आणि कुणीतरी म्हणालं, "पोरगी काय खेळली!" एकोणिसाव्या चालीला अण्णांनी आपला राजा भोकातून उपसला, पटावर आडवा ठेवला आणि हात पुढे केला. हात पाण्यात भिजवल्यासारखा गार होता.

"चांगली खेळलीस," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पुस्तक आणलंयस?"

आणलं होतं. सकाळी ती टीप पुन्हा वाचून आले होते ना मी.

"चल मागं पायरीवर. इथं लई गलका आहे."

सोनाक्काने त्यांना हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर आणून बसवलं आणि ती पाणी आणायला गेली. दुपारचा एक वाजला असेल. समोर शाळेचं मोकळं मैदान, कुणी नव्हतं. अण्णांनी पिशवीतून ब्रेलची पाटी काढली, कागद अडकवला, टोचा हातात घेतला.

"पान चौऱ्याऐंशी काढ."

मी काढलं.

"वाच."

मी वरून सुरुवात केली.

"वरचं नको. वरचं माझ्यापाशी आहे. खालचं वाच."

मी वाचायला लागले. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, आणि मग मला रडू आवरेना. अक्षरं दिसेनात.

"रडत वाचू नको," अण्णा म्हणाले. आवाज चढवला नाही. "कळत न्हाई मग. नाक पूस आणि नीट वाच."

मी पदराने नाक पुसलं आणि सातही ओळी वाचल्या. ते टोचत गेले. टक् टक् टक्. 'काळा वाचत नाही' इथे मी अडखळले, तर म्हणाले, "हं, पुढं." सगळं झाल्यावर त्यांनी कागद काढून उलटा केला आणि त्यावरून बोट फिरवत स्वतःला एकदा वाचून दाखवला, ओठ हलवत.

"मला वास आला होता," ते म्हणाले. "पंचवीस मिनटं वास येत होता की इथं काहीतरी आहे. पण म्हटलं, असतं तर पुस्तकात असतं. मंदानं वाचलं असतं." त्यांनी कागदाची घडी घातली. "त्या दिवशी अडीच पट्ट्यांत पान संपलं. मी म्हटलं, चित्र मोठं असंल. तू म्हणालीस म्हणून."

"अण्णा, मी आत्ता जाते. सबनीस सरांना सगळं सांगते. माझं नाव काढून तुमचं घालायला सांगते." मी उठलेसुद्धा.

"बस खाली!"

एवढ्या जोराने ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. मी बसले.

"काय सांगणार? आंधळ्याला फसवलं म्हणून? मग काय होईल? सबनीस मंचावर नेतील, माईकवर सगळं सांगतील, लोक च्च् च्च् करतील, आणि म्हणतील, द्या बिचाऱ्याला जागा." "ती आठवी शाल झाली, मंदा. मला ती नको. कॅसलिंग तू नाही केलंस. मी केलं, माझ्या तोंडानं सांगून. यादीत तुझं नाव लागू दे."

"मग रागवा तरी माझ्यावर. शिव्या द्या. काहीतरी बोला."

अण्णांनी आवरायला घेतलं. पाटी पिशवीत घातली, टोचा घातला, पिशवीची गाठ मारली.

"रागवून मला कसं चालंल?" ते म्हणाले. "मग वाचणार कोण? ह्या गावात आहे का दुसरं कुणी?"

तेवढ्यात सोनाक्का पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला वाटलं मी जिंकल्याच्या आनंदाने रडते आहे. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "जिंकलीस न्हवं? मग रडतीस कशाला, येडी! ह्यांचं काय, पुढल्या वर्षी बघू."

पुढल्या वर्षी काही बघायला मिळालं नाही. अंधांसाठी वेगळी स्पर्धा निघाली. सबनीस सरांनी मोठ्या कौतुकाने अण्णांचं नाव तिकडे पाठवलं आणि जिल्ह्याच्या स्पर्धेचा फॉर्म परत केला. "तुमची सोय झाली आता," म्हणाले. त्या स्पर्धेत अण्णा दोनदा पहिले आले. तिथली यादीही टाइप केलेलीच होती. पण कंसात जे लिहायला नको होतं ते तिथे मथळ्यातच होतं.

मी नागपूरला गेले. नऊ डावांत साडेतीन गुण झाले. भिंतीवर माझं नाव लागलं होतं, मी ते एकदाच बघितलं. निपाणीचं स्थळ वर्षभर लांबलं आणि मग मोडलं. पुढे मी मिरजेतच शाळेत इंग्रजी शिकवायला लागले आणि बुद्धिबळ खेळायचं सोडलं. वाचायचं मात्र सोडलं नाही.

नागपूरहून आल्यावर पहिल्याच सोमवारी मी त्या सोप्यात गेले होते. पाय ओढत गेले. अण्णांनी माझी चाहूल ओळखली, म्हणाले, "ये. पान एकशे बारा." जणू मधे काही झालंच नव्हतं. मी बसले, वाचलं. चौथी पट्टी विणून झाली, पान संपलं, मी उलटायला हात घातला.

"थांब," अण्णा म्हणाले.

त्यांनी वेत खाली ठेवला, बोटं सदऱ्याला पुसली आणि हात पुढे केला. मला आधी कळेना. मग मी पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी पान चाचपलं, अगदी खालची कड शोधली आणि तिथे अंगठा ठेवला.

"इथपर्यंत?"

"हो, अण्णा. इथपर्यंत."

"बरं. उलट."

त्या अंगठ्याला काय कळणार होतं? छापील अक्षर काही हाताला लागत नाही. मी तेव्हाही खोटं बोलू शकले असते आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. तरी दर पानाला त्यांनी हात पुढे केला. ते पुस्तक संपलं, दुसरं आलं, तिसरं आलं. माझं लग्न झालं, मुलगी झाली, तिला मांडीवर घेऊन मी वाचलं. हात यायचा, अंगठा खालच्या कडेला टेकायचा. आवाजात राग नसायचा, टोमणा नसायचा. दाराची कडी लावली की नाही हे विचारावं तसं विचारायचे.

ते जाईपर्यंत, म्हणजे अकरा वर्षं, मी वाचत राहिले. एखाद्या दिवशी तरी विचारायचं विसरतील, आपसूक म्हणतील 'उलट पान', म्हणून वाचत राहिले. ते एकदाही विसरले नाहीत.